आप्पांनी नेसवलेलं लुगडं

माझे सासरे नव्वदी ओलांडून गेले. एवढ्या मोठ्या आयुष्यात "माझं चुकलं" असं ते कधी कुणाला म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सासूबाईंच्याही नव्हतं, आणि त्यांनी तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं कान लावून वाट पाहिली होती.

अख्खं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणायचे. सासूला मात्र आमच्याकडच्या रीतीने आत्या. लग्न होऊन मी चाकणजवळच्या या गावात आले तेव्हा आप्पा साठीच्या अलीकडे होते, मिशा काळ्या होत्या आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून बसायची. पहिल्याच सकाळी ते ओट्यावरून ओरडले, "पानी!" कुणाचं नाव नाही, गाव नाही. ज्याच्या कानावर पडेल त्याने तांब्या घेऊन पळायचं. मी धावत गेले तर माठ त्यांच्या मांडीपासून हातभर अंतरावर. मी माठाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "नवी हायेस, व्हईल सवय."

झाली सवय. या घरात आप्पा हाताने दोनच गोष्टी करायचे, जेवायचे आणि म्हशींच्या पाठीवरून हात फिरवायचे. बाकी सगळं तोंडाने.

पण घरावर त्यांचा जीव होता, आणि तो त्यांनी आमच्यावर असा काही सोडला होता की पळायला जागा नव्हती. मुलांना सोडून जेवायचं नाही, हा त्यांचा नियम. थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, कंपनीत लागला तो दुसऱ्या शिफ्टला. धाकटा दीर तेव्हा कॉलेजात, तो संध्याकाळीच भुकेला होऊन यायचा. आप्पांनी यावर तोडगा काढला. धाकट्यासोबत ते वेळेवर जेवायचे आणि थोरला शिफ्ट संपवून आला की त्याच्यासोबत पुन्हा जेवायचे. दोन्ही वेळा भाकरी कुस्करून, वर कालवण ओतून, सावकाश. "लेकरू एकटं कसं जेवंल?" असं म्हणत म्हणत त्यांनी लेकरापेक्षा जास्त खाल्लं. या वात्सल्याने त्यांचं पोट इतकं सुटलं की डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. आप्पांनी डॉक्टरांनाच विचारलं, "तुम्ही पोरांसंग जेवता का एकटंच?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

पुढे जमिनी कंपन्यांना गेल्या. आमचीही गेली. गावातल्या लोकांनी त्या पैशातून काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या, बोटाएवढ्या जाड साखळ्या केल्या. आप्पांनी बंगला बांधला. त्यात जन्मलेल्या, न जन्मलेल्या, येऊ शकणाऱ्या आणि न येणाऱ्या अशा सगळ्यांसाठी खोल्या काढल्या. स्वयंपाकघर मात्र एकच. ठेकेदार म्हणाला, "आप्पा, दोन मुलं हायेत, वर एक किचन काढून ठेवू का? उद्या लागलं तर?"

"तुला घर बांधायला बोलावलंय का फोडायला?" आप्पा म्हणाले.

एवढं करूनही धाकटा गेलाच. त्याला आयटीत नोकरी लागली, बायकोही आयटीतली मिळाली, आणि रोजच्या ट्रॅफिकला कंटाळून त्यांनी वाकडला फ्लॅट घेतला. आप्पांनी अबोला धरला. तो अबोला त्यांना जास्तच जड गेला, कारण न बोलता आज्ञा कशा द्यायच्या हा प्रश्न होता. शेवटी एका रविवारी म्हशीचं दूध कॅनमध्ये भरून, बस बदलत बदलत ते स्वतःच वाकडला गेले.

सोसायटीच्या गेटवर गार्डने अडवलं. "काका, कुणाकडे?"

"माझ्या घरी."

"फ्लॅट नंबर?"

"पोराच्या घराला कसला नंबर?"

गार्ड म्हणाला की ॲपवरून पोराची परवानगी आल्याशिवाय आत सोडता येत नाही. झालं! ज्या माणसाने आयुष्यभर इतरांना परवानग्या दिल्या किंवा नाकारल्या, त्याला आत जायला धाकट्याचा अंगठा लागणार होता. आणि धाकटा तेव्हा फोन बंद ठेवून झोपला होता. दुपारी तो धावत खाली आला तेव्हा आप्पा गार्डच्या खुर्चीवर बसले होते आणि गार्ड उभा राहून दूध पीत होता. तो परभणीकडचा निघाला. आप्पांनी त्याचं गाव, शेत, बहिणीचं लग्न कुठे अडलंय, सगळं काढून घेतलं होतं. दिराला पाहून ते गार्डला म्हणाले, "ह्यो बघ आला. ह्याला सोड आत, माझ्या वळखीचा हाय."

त्यानंतर दर रविवारी कॅन वाकडला जाऊ लागला. गार्ड सलाम ठोकायचा. जाऊबाई मला फोन करून सांगायची, "वहिनी, आम्ही दोघं टोन्ड दूध पितो हो, हे सायीचं डबकं कुठे घालू?" मी म्हणायचे, "आमच्याकडे रोज आप्पा असतात. तुझ्याकडे नुसतं दूधच येतंय ना? पी गुपचूप."

हे असं चाललं असतं. पण एका सकाळी गोठ्यात धार काढता काढता आत्या एका अंगाला कलंडल्या. चरवी लवंडली, दूध सगळीकडे पसरलं, आणि म्हैस मान वळवून बघत राहिली. अर्धांगवायू. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि वाचा बंद होती. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल, धीर धरा.

आलं. एका दुपारी आप्पा खाटेजवळ बसले होते. आत्यांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ हलवले, आम्ही सगळे खाटेभोवती गोळा झालो. आणि आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मुडद्या!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही आमच्याकडच्या बायकांची शिवी. मेल्या म्हणण्याच्या एक पायरी पुढची. आत्या ती उभ्या आयुष्यात म्हशींना देत आल्या होत्या, लाथ मारली की मुडदे, धार दिली की मुडदे. नवऱ्याला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, "अहो"सुद्धा पदराआडून. आता अहो गेलं, मुलांची नावं गेली, देवाचं नाव गेलं, आणि तेवढं एक राहिलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, असं होतं कधी कधी, तोंडात घोळलेला शब्द टिकतो. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. दीर खिडकीबाहेर बघायला लागला. मी पदर तोंडात कोंबला.

आप्पा पुढे वाकून म्हणाले, "ओ! काय पायजे?"

तेव्हापासून तेच त्यांचं नाव. तहान लागली, मुडद्या. कूस बदलायची, मुडद्या. ऊन आलंय, मुडद्या. आणि ओट्यावरून पाण्यासाठी ओरडणारा माणूस हातातलं टाकून उठायला लागला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मी विश्वास ठेवला नसता. खरं सांगू, पहिले काही दिवस मला मजाच वाटत होती.

ब्युरोतून एक बाई ठेवली होती, दिवसभर करायला. चांगली होती बिचारी. पण तिची सवय अशी की "पेशंटने खाल्लं का, पेशंटला झोपवू का" असं बोलायची. आप्पांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाय, तू घरी जा. हितं कुनी पेशंट न्हाई. माझी बायकू हाय." मी कपाळाला हात लावला. मी स्वतः कंपनीच्या ऑफिसात नोकरीला, नवरा शिफ्टला. करणार कोण?

"मी हाय की," आप्पा म्हणाले.

"तुम्ही?" मी इतक्या जोरात म्हणाले की आत्यांनीसुद्धा मान वळवली.

भरवणं, पुसणं, कूस बदलणं ते शिकले. सांडलं, लवंडलं, शिव्या खाल्ल्या, पण शिकले. अडलं ते कपड्यांवर. मी आत्यांना मॅक्सी घालत होते, सोयीची पडते म्हणून. आप्पा त्या मॅक्सीकडे रोज असे बघायचे की जणू कुणी शेतात बुजगावणं उभं केलंय. एक दिवस म्हणालेच, "ह्ये झबलं काढ. तिनं जन्मभर लुगडं नेसलंय."

"आप्पा, झोपलेल्या माणसाला नऊवारी कोण नेसवणार?"

"मला शिकीव."

आता सासऱ्यांना लुगडं नेसवायला शिकवायचं म्हणजे कुणाला तरी उभं करायला हवं. मी सून, माझा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात माझा नवरा पहिली शिफ्ट संपवून आला. आप्पांनी त्याला बनियनवर उभं केलं. कंपनीत हा माणूस सुपरवायझर, लाइनवरची पोरं त्याला बघून मोबाइल खिशात घालतात. तो दोन्ही हात वर करून उभा, आणि आप्पा त्याच्याभोवती आत्यांचं हिरवं लुगडं घेऊन प्रदक्षिणा घालतायत.

"पोट आत घे."

"आप्पा, आईचं पोट असं आत जाणारंय का?"

"बोलू नको. सूनबाई, निऱ्या हितं का हितं?"

मी लांबून सांगत होते. गाठ कंबरेला, निऱ्या मध्ये, मग खालचं टोक दोन पायांतून मागे. कासोटा खोचायची वेळ आली आणि नेमके आप्पांचे चुलतभाऊ लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी पुतण्याला आपादमस्तक न्याहाळलं, पत्रिका दाराच्या चौकटीवर ठेवली आणि आल्या पावली परत गेले. माझा नवरा म्हणाला, "आता मी गावात कसा फिरू?" आप्पा म्हणाले, "लुगडं नेसून फिरू नको, म्हंजे झालं."

पंधरवडाभर तालीम चालली. मग एका सकाळी आप्पांनी दार लावून घेतलं. आतून बराच वेळ "मुडद्या, मुडद्या" ऐकू येत होतं आणि त्यावर "व्हय, व्हय, आवळत न्हाई, थांब." दार उघडलं तेव्हा आत्या उशीला टेकून बसल्या होत्या. लुगडं एका बाजूला वर चढलेलं, पदर भलत्याच खांद्यावर. पण लुगडं होतं. आत्यांनी डाव्या हाताने पदर चाचपला, पुन्हा चाचपला, आणि रडायला लागल्या. आप्पा घाबरले. "सूनबाई, लई आवळलं का गं?"

मी म्हटलं, "नाही आप्पा. बरोबर झालंय."

गोष्ट गावभर व्हायला दुपारही लागली नाही, पत्रिकावाले काका तालमीच्या दिवसापासून कान लावूनच होते. संध्याकाळी देवळापुढच्या बाकावर म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो, तिथे कुणीतरी विचारलं, "काय आप्पा, आता बांगड्या कवा भरताय?"

आप्पा म्हणाले, "तू आधी घरी जाऊन तुझ्या बायकूला इचार, तिला असं झालं तर कुनी नेसवायचं. काय म्हनती ते मला येऊन सांग."

तो गडी सांगायला आला नाही. पण त्याने घरी विचारलं असावं, कारण त्या आठवड्यात आमच्या आळीत बऱ्याच घरांतून भांडणांचे आवाज आले. आळीतल्या बायका मात्र काही ना काही निमित्त काढून आत्यांना बघायला यायला लागल्या. खरं तर लुगडं बघायला. एक म्हातारी तर कासोट्याची बाजू उलटून बघून गेली, दुकानात कापड बघतात तशी.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चिंचवडचा, घर चांगलं, माणसं जरा कडक इस्त्रीची. लॉन्स ठरलं, केटरर ठरला, आणि आत्यांचं काय करायचं यावर घरात बैठक बसली. आत्यांना न्यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. अडचण शब्दाची होती. दीर म्हणाला, "आप्पा, व्याह्यांसमोर आई एकदम ते म्हणाली तर?"

"काय म्हनली तर?"

"ते... तुम्हाला म्हणते ते."

"मला म्हनती ना? मग तुझ्या व्याह्याला काय त्रास?"

बैठक संपली.

लग्नाच्या दिवशी आप्पांनी पहाटेच दार लावून घेतलं. आत्या बाहेर आल्या त्या हिरव्या पैठणीत, अंबाड्यावर गजरा, नाकात नथ थोडी तिरकी. व्हीलचेअर आप्पा स्वतः ढकलत होते आणि कुणाला हात लावू देत नव्हते. स्टेजसमोर पहिल्या रांगेत, सोफ्याच्या बाजूला गाडी लावली.

आमच्या पट्ट्यातली लग्नं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे की मुहूर्त भटजी काढतात आणि लग्न पुढारी लावतात. मुहूर्त टळायला आला होता आणि स्टेजवर एक स्थानिक पुढारी वधूवरांना आशीर्वाद देत होते. आशीर्वादात रस्ता होता, पाणीयोजना होती, येणारी निवडणूक होती. वधूवर तेवढे नव्हते. लोक अक्षता मुठीत धरून घामेजले होते. भटजी घड्याळाकडे बघून बघून थकले होते. पुढारी म्हणाले, "आणि म्हणून मी आज या ठिकाणी आपल्याला शब्द देतो की..." एवढं बोलून ते परिणामासाठी थांबले.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"मुडद्या!"

पुढाऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. माझे नवे व्याही सोफ्यावर ताठ झाले. आणि सोफ्यामागून आप्पांचा आवाज, तितकाच मोठा, "आलो गं! पानी पायजे का?"

आधी मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. पुढाऱ्यांना वाटलं की आपलं भाषण संपल्याबद्दल आहेत, आणि ते काही खोटं नव्हतं. हात जोडून ते खाली उतरले, भटजींनी माइक जवळजवळ हिसकावला आणि माझ्या मुलीचं लग्न मुहूर्तावर लागलं. जेवताना व्याही आप्पांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आजींचे उपकार झाले हो आमच्यावर." आप्पा आत्यांना श्रीखंड भरवत होते. म्हणाले, "तिला उन्हाचा तरास व्हतो."

आत्या त्यानंतर दोन पावसाळे काढून गेल्या, झोपेतच. त्यांना शेवटचं लुगडं नेसवायला बायका पुढे झाल्या तर आप्पा म्हणाले, "मी नेसवतो, तुमी व्हा बाजूला." म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, असं कुठे असतं का. पण बाजूला झाल्या. त्या दिवशी निऱ्या एकसारख्या पडल्या होत्या.

नंतर आप्पा बरेच जगले, आणि संत वगैरे झाले नाहीत. माझ्या चहात खोड काढली, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या दिल्या, सुनेने ड्रायव्हिंग शिकू नये यावर भाषणं दिली आणि मी शिकल्यावर पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर जाऊन बसले. पाण्यासाठी पुन्हा ओरडायला लागले. एकदा मी म्हटलं, "आप्पा, आत्यांसाठी तर उठायचा." ते म्हणाले, "तू मला तिच्यासारखी हाक मारून बघ, उठतो का न्हाई." मी काही मारली नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात ते खाटेला खिळले. मुलं आळीपाळीने करायची, दीर वाकडहून रजा टाकून यायचा. एका दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आप्पांनी डोळे उघडले.

"धाकटा आला का?"

"आला, आप्पा," मी म्हटलं.

"त्या येड्याला सांग, गाडी उन्हात लावू नको. सीट तापत्यात."

मी खिडकीतून ओरडून सांगितलं. दिराने हात वर केला, गाडी मागे घेतली, वळवली, पलीकडच्या चिंचेखाली नेली. तो चावी फिरवत आत आला, "लावली सावलीत, आप्पा," असं म्हणत. तोवर आप्पा गेले होते. माझा हात त्यांच्या मनगटावर होता आणि मलाही नीट कळलं नव्हतं.

दीर फार रडला. गाडी तशीच सोडून आत आलो असतो तर भेट झाली असती, एवढंच बोलत राहिला. मी त्याला म्हटलं, "सोडली असतीस तर जाता जाता शिव्या खाल्ल्या असत्यास." ते त्याला पटलं, थोडं.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर मोठी गर्दी होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. लग्नातले तेच पुढारी आले होते, पदाने आता मोठे झालेले. आप्पा म्हणजे कष्टाचा डोंगर, आप्पा म्हणजे गावाचा आधारवड, असं सगळं झालं. लुगड्याचा विषय कुणी काढला नाही. पुरुषांची सभा होती ती. मग पुढारी माइक जवळ ओढून म्हणाले, "शेवटच्या क्षणी आप्पांनी मुलाला जवळ बोलावलं, आणि म्हणाले, बाळा, गाव सांभाळ."

मी बायकांच्या बाजूला बसले होते. समोर पहिल्या रांगेत दिराची नुकती भादरलेली डोई दिसत होती. ती हळूहळू खाली गेली. मग खांदे हलायला लागले. त्याने खांद्यावरचं उपरणं ओढून तोंडात कोंबलं. शेजारच्या पत्रिकावाल्या काकांना वाटलं पोराला हुंदका फुटला, ते त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. तसा तो आणखीच हलायला लागला. त्याने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसून हसून लाल झाला होता.

मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "रडून घे बाई, मोकळी हो."